ग्राफिक कार्डाची उत्तरक्रिया : झाडीपट्टीतील संगणकधारकांसाठी विवेचन

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, जुन्या संगणकाचे ग्राफिक कार्ड दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यातच निकामी होते, असे गृहीत धरून चालावे. याच पंधरवड्यात झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम तोंडावर आलेला असतो, वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत तारखा ठरत असतात, आणि डिझाइनच्या दुकानात सर्व कलावंतांचे चेहरे एकाच फ्लेक्सवर कोणालाही राग येणार नाही अशा आकारात बसवण्याचे काम चाललेले असते. ग्राफिक कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र घडवून मॉनिटरकडे पाठवणारी स्वतंत्र पाटी, जिच्यावर मुख्य चिप, तिची मेमरी आणि बहुधा एक लहान पंखा असतो. तिचा अंतकाळ जवळ आला की नायकाच्या कपाळावर हिरव्या रेघा आणि खलनायकाच्या गालावर रंगीत चौकटी उमटू लागतात; अशा वेळी मॉनिटरवर थापटी मारण्यापूर्वी मंडळाच्या मालकास ते चित्र दाखवून घ्यावे, कारण त्याला तो प्रकार नवा इफेक्ट म्हणून पसंत पडल्यास पुढील सर्व खटाटोप वाचतो.

पसंत न पडल्यास मृत्यूचे कारण शोधणे आले, आणि या प्रदेशात संशयितांची वाण नाही. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावे मे महिन्यात देशातील सर्वांत तापलेल्या ठिकाणांच्या यादीत वारंवार येतात, पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा चिपवर मारत असल्याने चिपने खोलीपेक्षा थंड व्हावे ही अपेक्षा पदार्थविज्ञानाला मान्य नसते. चिप आणि पाटी यांना जोडणारे सोल्डरचे सूक्ष्म गोळे रोज तापतात व निवतात, दोहोंचे प्रसरण सारखे नसल्यामुळे त्या गोळ्यांना तडे जातात, आणि पावसाळाभर दुकानात फारसे काम नसल्याने मे महिन्यातला तडा ऑक्टोबरपर्यंत लपून राहतो. अशाच कमकुवत जोडणीपायी एन्व्हिडिया कंपनीला २००८ साली १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली होती, आणि त्या चिपांपैकी फारच थोड्यांनी ब्रह्मपुरीचा मे पाहिला असेल.

उष्म्यावर उपाय म्हणून कूलरचे तोंड माणसाऐवजी संगणकाकडे वळवण्याची प्रथा आहे. परंतु कूलरची हवा ओली असते, आणि ओलीमुळे धूळ कार्डावर लेपासारखी बसते. धूळ कोणती, हे गावावर अवलंबून राहते: घुग्घुस-राजुऱ्याकडे ती कोळशाची असते, वडसा-आरमोरीकडे राईस मिलच्या तुसाची. उरला संशयित म्हणजे लाईन. राज्यातील सर्वांत मोठ्यांपैकी एक, २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र चंद्रपुरातच असले तरी जंगलातून आलेल्या तारेवर फांदी पडली की लाईन जाते, आणि परतताना ती कोणत्या दाबाने येईल याचा नेम नसतो. तेव्हा कोळसा धूळ होऊनही कार्डापर्यंत पोहोचतो आणि वीज होऊनही, हे चंद्रपूरच्या कार्डाचे खास दुर्दैव मानले पाहिजे.

निदानासाठी डबा (ज्यास सर्वत्र सीपीयू म्हणतात, वास्तविक प्रोसेसर हा त्याच्या पोटातला तळहातापेक्षाही लहान भाग असतो) सुरू करून कान द्यावा. अनेक जुन्या मदरबोर्डांवर एक लांब व दोन आखूड शिट्या चित्रव्यवस्थेतील दोष सांगतात. त्या मोबाइलवरून मेकॅनिकला ऐकवण्याचा प्रघात असून, पलीकडून ‘भाऊ, कार्ड काढून रबरनं घासून पाहा न’ असा सल्ला येतो. तो हसण्यावारी नेऊ नये, कारण कार्डाच्या सोनेरी पट्टीवरचा मळ खोडरबराने खरोखर निघतो आणि काही कार्डे तेवढ्यावर उठून बसतात. याच टप्प्यावर एक धोकादायक माहिती देणे भाग आहे: पुष्कळ मदरबोर्डांना स्वतःचे चित्रद्वार असते, फ्लेक्सच्या साध्या डिझाइनला ते पुरते, आणि मूळ कार्ड बहुधा मालकाच्या भाच्याने गेमसाठी बसवलेले असते. केबल तिकडे जोडल्यास प्रस्तुत मार्गदर्शन येथेच संपते. म्हणून बहुतेक संगणकधारक ती जोडून पाहत नाहीत.

नवे कार्ड सामान्यतः नागपूरहून, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी या मार्गाने गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती येते. मागवण्यापूर्वी स्लॉट, म्हणजे कार्ड बसवण्याची खाच, तपासावी, कारण फार जुन्या संगणकांत एजीपी नावाची वेगळीच खाच असते. वयोवृद्ध डब्याला जीटी ७१० सारखे बिनपंख्याचे कार्ड शोभते. ते सुमारे १९ वॉट खाते, तर पीसीआय एक्स्प्रेसची खाच ७५ वॉटपर्यंत पुरवू शकते; त्याहून बलाढ्य कार्ड घेतल्यास एसएमपीएस, म्हणजे वीज वाटणारी पेटी, तिच्या लेबलावरील वॉट खरे होते की काय, हे धुरासह स्पष्ट करते.

बसवताना प्लग काढावा, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज सोडावी आणि खाचेच्या टोकाचा खटका दाबूनच जुने कार्ड उपसावे. जोर केल्यास खटका हातात येतो. उपसलेल्या जागी पाल आढळल्यास तिला निघून जाण्यास अवधी द्यावा. ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड व विंडोज यांच्यातील दुभाष्या प्रोग्रामचे, प्रकरण थोडक्यात असे की विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला असला तरी दुकानात तेच असते, आणि जुना ड्रायव्हर मोबाइलच्या नेटवर उतरवताना टॉवर जाणार हे धरून चालावे.

जुने कार्ड नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे जावे हे योग्यच. परंतु मेकॅनिक ते ‘असू द्या, कामी येते’ म्हणत पिशवीत टाकतो, हॉट एअर गनने तापवून तडे तात्पुरते बुजवतो, आणि कुरखेड्याच्या एखाद्या दुकानात टेस्टेड माल म्हणून लावतो. गिऱ्हाइकाने वॉरंटी मागितल्यास तो होळीपर्यंतची देतो, आणि ती बहुधा पाळली जाते.