आठ नंबर

मी मूळचा कोल्हापूरचा. पुण्यात हे कुणाला कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: तांबडा रस्सा येतो का आणि फुटबॉल येतो का. रस्सा येत नाही हे मी कबूल करून टाकलं. दोन्हीला नाही म्हणणं गावाच्या अब्रूला शोभेना, म्हणून फुटबॉलला हो म्हणून बसलो. वास्तविक माझा फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील तालमीच्या संघाच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडणं. त्याला शेंगदाणे लागतात, बूट लागत नाहीत.

ऑफिसातल्या पोरांनी रविवारी संध्याकाळी दोन बॅडमिंटन कोर्टांचा हॉल तासाभरासाठी घ्यायचं ठरवलं. पाच-पाच जण, लाकडी फरशी, डोक्यावर छप्पर. "सर, तुम्ही तर पाहिजेच," असं म्हणाले. वयाच्या 47व्या वर्षी आपण कुठेतरी पाहिजे आहोत, हे ऐकूनच मी दुकानात गेलो आणि फुटबॉलचे म्हणून जे बूट मिळाले ते, आठ नंबरचे, घेऊन आलो. खाली खिळ्यांसारखे स्टड. किती रुबाबदार!

हॉलच्या पायऱ्या टकटक करत चढलो. दारातल्या वॉचमननं आधी आवाज ऐकला, मग पाय पाहिले, मग मला पाहिलं. "साहेब, नाल ठोकून आलाय होय?"

स्टड असतात मातीत रुतायला. लाकडाच्या फरशीत ते रुतत नाहीत, फरशीला ओरखडे काढतात. आणि आपलं 82 किलोचं देह-देवालय दहा-बारा टोकांवर तोललेलं राहतं. मला आतच सोडलं नाही, हे त्या फरशीचं आणि माझं दोघांचंही नशीब.

पुढच्या रविवारी खेळायला सकाळच्या फिरण्याचे बूट घातले. गुबगुबीत, गादीसारखे. घोटा मुरगळेपर्यंत फार सुख वाटलं. फिरायचे, पळायचे बूट सरळ पुढे जाणाऱ्या माणसासाठी केलेले असतात. टाच उंच, तळ मऊ. इनडोअर फुटबॉलमध्ये सरळ असं कुणी जातच नाही. डावीकडे, उजवीकडे, एकदम थांब, गर्रकन वळ. पाय वळतो, बूट आपला सरळच निघतो, आणि मधल्या मधे घोटा सापडतो.

घरी गरम पाण्यात पाय बुडवून बसलो तेव्हा बायकोला मी इतिहास सांगितला: 1911 साली मोहन बागान क्लबनं गोऱ्या रेजिमेंटला हरवून शील्ड जिंकली, तेव्हा अकरापैकी दहा जण अनवाणी होते. ती म्हणाली, "मग तुम्ही बूट कशाला विकत घेताय?"

तरी घेतले. या वेळी मात्र खरे इनडोअरचे: तळ सपाट, पातळ, तपकिरी गम रबराचा. पातळ अशासाठी की या खेळाचा चेंडू लहान असतो, चार नंबरचा, आणि उसळायला आळशी. तो तळव्याखाली दाबून थांबवायचा असतो; तळ जाड असला तर खाली चेंडू आहे की कुणाचा पाय आहे, ते कळत नाही. सोल फरशीवर डाग पाडणारा नको, असा हॉलचा नियम. दुकानात मी तो पांढऱ्या कागदावर घासून पाहिला. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. पण पुण्यातले दुकानदार एरवीही तसंच पाहतात.

सगळं बरोबर केलं आणि माप चुकलो. पुन्हा आठच. सकाळी 11 वाजता, पातळ मोज्यावर घातले, थोडे घट्ट वाटले. दोष कोल्हापूरचा. आमच्याकडे नवी चप्पल चावलीच पाहिजे. तेल पाजायचं, आठवडाभर लंगडायचं, मग ती अशी ऐकायला लागते की घरच्यांपेक्षा बरी. पण ते कातडं. सिंथेटिक बुटाला मी खोबरेल पाजलं, तर बूट तेवढाच राहिला आणि मोजे तळलेले निघाले. करंगळीचं नख महिनाभर काळं होतं.

शेवटी दुकानातल्या पोरानंच शहाणं केलं. "काका, संध्याकाळी या. दिवसभरात पाय सुजतो. खेळायचे मोजे घेऊन या, आणि उभं राहून माप द्या." काका हा शब्द मी गिळला. संध्याकाळी कागदावर उभा राहिलो, त्यानं पेन्सिल फिरवली. उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा निघाला. इतकी वर्षं दोन्ही माझेच, पण मला पत्ता नव्हता. मोठ्या पायाच्या मापानं नऊ नंबर घेतला, अंगठ्यापुढे करंगळीएवढी जागा, टाच मात्र पक्की. घातला आणि पायात काही आहे हेच विसरलो. आता खेळ चांगला झाला नाही तर सांगायला कारण उरलं नाही, ही एक अडचण आहे.

घरात सध्या आठ नंबरचे दोन जोड पडून आहेत. स्टडचा मैदान न पाहिलेला, इनडोअरचा खोबरेलाच्या वासाचा. कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जावेत. फक्त संध्याकाळी यावं, आणि मोजे आपले आणावेत.