रात्री नऊला फोन कुणाला लावायचा?

विंडोजवर वाढलेल्या आपल्याकडच्या माणसाला कॉम्प्युटरसमोर मोकळं सोडलं, की तो सगळ्यात आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश दाबतो. तेही एकदा नाही, तीनचारदा. काम सुरू करायच्या आधी, काम आटोपल्यावर, आणि मधेच साहेब डोकावले तर उगीचच. त्यानं पडद्यावरची चित्रं पुन्हा मांडली जातात, मशीनचा वेग तसूभरही वाढत नाही, हे त्याला समजावून सांगा. तो नीट ऐकून घेतो, मान डोलावतो आणि रिफ्रेश दाबतो. हाच माणूस मॅकसमोर बसला की कावराबावरा होतो, कारण तिथे राइट क्लिकच्या यादीत रिफ्रेश नावाची ओळच नाही. एका गृहस्थांनी मला अगदी काळजीनं विचारलं होतं, "मग हे हँग झालं तर?"

ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना करणारे लोक किंमत, वेग, सुरक्षितता असे रकाने आखतात. बोटांचा रकाना कुणी आखत नाही. खरी भांडणं तिथली असतात. विंडोजमध्ये फुली उजव्या कोपऱ्यात, मॅकचा लाल ठिपका डाव्या. लिनक्सच्या कुळातल्या उबुंटूवाल्यांनी तर 2010 साली ही बटणं उजवीकडून डावीकडे नेली आणि 2017 साली पुन्हा उजवीकडे आणून ठेवली. मधल्या काळात ज्यांची बोटं वळली त्यांचं काय झालं असेल, देव जाणे. बरं, मॅकचा लाल ठिपका दाबला म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असंही नाही. खिडकी मिटते, प्रोग्रॅम चालूच राहतो. आपल्याकडचे पाहुणे "येतो हं" म्हणून उठतात आणि पुढचा अर्धा तास दारात उभे राहून बोलतात, तसं.

फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवायचं बघा. विंडोजवाला कंट्रोल-एक्स दाबतो, दुसऱ्या फोल्डरमध्ये जातो, कंट्रोल-व्ही दाबतो. मॅकमध्ये फाइल अशी कापताच येत नाही. आधी नुसती कॉपी करायची, हव्या त्या फोल्डरमध्ये जायचं आणि तिथे कमांड-व्ही दाबताना जोडीला ऑप्शनही दाबायचं. मग मूळ जागची फाइल उचलली जाते. पहिल्यांदा हे ऐकलं की द्राविडी प्राणायाम वाटतो. पण माझ्या मते यात शहाणपण आहे: फाइल पोचायची जागा डोळ्यांसमोर आल्याशिवाय तिला हलवायचंच नाही. अर्थात हे शहाणपण ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच उपयोगी पडतं. बाकीचे कंट्रोल-एक्स दाबून वाट बघतात.

गंमत म्हणजे या दोन घराण्यांचं हाडवैर बाहेरून दिसतं तेवढं कडक नाही. 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉशवरची ती गोंडस चिन्हं सुझन केअर या बाईंनी काढली. 1990 साली विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा डाव आला, त्यातले पत्तेही त्यांनीच काढलेले. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत माऊस कसा धरायचा, पान उचलून कसं ओढायचं आणि कसं सोडायचं, हे त्या पत्त्यांनीच शिकवलं. शिकवणी जरा लांबली, हे कचेरीत खेटे घालणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे.

मराठी टायपिंगपुरतं मात्र भांडायचं कारण नाही. सरकारनं ठरवून दिलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हीकडे मिळतो, ज्याला 'ळ' हवा त्याला तो तिन्हीकडे सापडतो. विंडोजचं एक ऋण तरीही मानायला हवं. सरकारी परिपत्रकांतून वर्षानुवर्षं भेटणारा 'मंगल' हा फॉन्ट विंडोजसोबत आला, आणि त्याची अक्षरं घडवली ती र. कृ. जोशी या आपल्या कवी-सुलेखनकारानं. जीआर वाचताना त्यातल्या मजकुरानं डोकं उठतं, अक्षरांनी नाही.

लिनक्सबद्दल बोलताना लोक एकतर आवाज चढवतात किंवा हात जोडतात. 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं, हा आपला नुसता छंद आहे, फार मोठं काही नाही, असं सांगत ते जगापुढे ठेवलं. आज जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक त्यावर चालतात. अँड्रॉइडच्या पोटातही तेच आहे. म्हणजे "छे, लिनक्स आपल्याला नाही जमणार" असं जो फोनवर सांगतो, तो बहुधा लिनक्सवरूनच सांगत असतो. एके काळी उबुंटूची सीडी मागितली की परदेशातून पोस्टानं घरी यायची, फुकट. इंजिनिअरिंगची पोरं ती मागवत, मित्रांना मिरवून दाखवत, आणि गेम खेळायला विंडोजकडे परतत.

मग कुठली घ्यावी? लग्नकार्यात हा प्रश्न हमखास निघतो आणि कुणीतरी रॅम, प्रोसेसर सुरू करतो. मी एकच विचारतो: रात्री नऊला अडलं तर फोन कुणाला लावणार? विंडोज इतकं पसरलं ते या प्रश्नाच्या उत्तरावर. 2001 पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी गावोगाव लाखो लोकांना तेच शिकवलं. झेरॉक्सवाल्याला ते येतं, सेवा केंद्रातल्या मुलीला येतं, समोरच्या बिल्डिंगमधला पोरगा चहाच्या बोलीवर 'फॉरमॅट मारून' देतो. मॅकवाल्याला असा पोरगा मिळत नाही. त्याला दुकान गाठावं लागतं, वेळ ठरवून. आणि लिनक्सवाल्याला भाचा लागतो.

भाच्यांचे दिवस सध्या बरे आहेत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि 2017 च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. चांगली चालती मशीनं भंगारात कोण घालेल? माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर तिच्या भाच्यानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, दिवाळीच्या सुट्टीत उबुंटू टाकलं, ब्राउझर आणि पत्त्यांचा डाव समोर मांडून दिला आणि तो बेंगळुरूला निघून गेला. मावशीची काही तक्रार नव्हती. भजनं वाजत होती, लेकीचे व्हिडिओ कॉल येत होते. प्रिंटर घेतला तेव्हा फोन झाला. मी तिथेच होतो. भाऊ पलीकडून एकेक अक्षर सांगत होता, मावशी काळ्या खिडकीत एका बोटानं टाइप करत होती. सगळं व्यवस्थित चाललं आणि पासवर्ड मागितला गेला.

"अरे, उमटत नाहीये."

"मावशी, तिथे दिसत नाही. तू टाइप कर, ते घेतंय."

"घेतंय ते मला कसं कळणार?"

"विश्वास ठेव."

"बँकेत निदान ठिपके तरी दाखवतात रे," मावशी म्हणाली, आणि तिनं पासवर्ड एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत घातला. मागे ओट्याशी कणीक मळणाऱ्या कामवाल्या ताईंनी मान वर केली. "मावशी, हा तर तुमच्या कपाटाचापण आहे ना?"