तू नुसतं धर

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चहाला बोलावलं तर जरूर जावं, पण रिकाम्या हातानं जाऊ नये. काही भेट न्यावी असं नव्हे. रिकामा हात दिसला की काका त्यात वायर देतात. "तू नुसतं धर," म्हणतात. मी गेली चार वर्षं नुसतं धरतो आहे. कपातल्या चहावर साय धरते, आणि सोल्डरच्या राळेचा धूर सरळ माझ्या नाकाकडे येतो. तो काकांकडे वळलेला मी अजून पाहिलेला नाही.

काका जुन्या कंप्युटरांसाठी घरच्या घरी केबल्स बनवतात. विकायला नाही. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढल्यामुळे कुठं दोन टोकं सुटी दिसली की त्यांच्या जिवाला चैन पडत नाही, एवढंच. लोक अमेरिकेतल्या मुलाला बदाम आणि सेंट आणायला सांगतात. काकांनी मुलाकडून टॅण्डी कंपनीचा 'मॉडेल १००' मागवला. १९८३चा. जाडजूड दिवाळी अंकांची छोटी चळत असावी तेवढं यंत्र, वर आठ ओळींचा पडदा, एका ओळीत चाळीस अक्षरं, आणि पोटात चार पेन्सिल सेल. तेवढ्यावर ते वीस तास चालायचं, म्हणून तिकडचे बातमीदार ते काखोटीला मारून हिंडत आणि फोनच्या तारेवरून बातमी धाडत. त्यातल्या प्रोग्रामचा बराच भाग बिल गेट्सनं स्वतः लिहिला होता. हे काका "आमच्या बिलनं" अशा सुरात सांगतात.

पुढच्या खेपेला मुलानं त्याचा डिस्क ड्राइव्ह आणला. केबल हरवलेली होती. दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता; काकांचा चेहरा मात्र ताटात दुसरी पुरणपोळी पडल्यासारखा खुलला. केबलसकट आला असता तर त्या ड्राइव्हचं त्यांनी काय केलं असतं, हा प्रश्नच आहे.

ड्राइव्हमध्ये माहिती मावते शंभर किलोबाइट. सकाळी सकाळी येणारा 'सुप्रभात'चा एक गुलाबही त्यात बसायचा नाही. ड्राइव्ह टॅण्डीनं विकला असला तरी बनवला ब्रदर कंपनीनं, आणि हाच ड्राइव्ह ब्रदर विणकामाच्या यंत्रांबरोबर, नक्ष्या साठवायला विकत असे. काकांनी हे कौतुकानं सांगितलं आणि तिथंच चुकले. "म्हणजे विणायचं मशीन आणलं असतंत तर निदान एक स्वेटर तरी झाला असता," असं काकू आतून म्हणाल्या. हे वाक्य मी त्यानंतर अकरा वेळा ऐकलं आहे.

केबल म्हणजे या टोकाची वायर त्या टोकाला, असं मला वाटायचं. तसं नसतं. कंप्युटर बोलतो ते उणे आणि अधिक व्होल्टमध्ये, ड्राइव्हला कळतात शून्य आणि पाच. दोघांना थेट जोडलं तर संवाद होणं लांबच, ड्राइव्ह कामातून जायचा. म्हणून मधे दुभाषा लागतो. सोळा पायांची 'मॅक्स २३२' नावाची चिप आणि तिच्याभोवती चार कपॅसिटर. काकांनी ती बुधवार पेठेतून आणली. पाच दुकानं पालथी घातली, कारण पहिल्या चार दुकानदारांनी "कशाला हवी?" असं न विचारताच दिली असती.

मग नकाशा. तो काका नेहमी लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढतात. कागद जाड असतो. पंचवीस पिनांच्या नर कनेक्टरचा एक नंबर पुढून पाहिलं तर डावीकडे असतो, आणि सोल्डर करायला उलटा धरला की उजवीकडे. काकांनी नकाशा पुढून काढला आणि सोल्डर मागून केलं. दोन नंबरची वायर बाराला, तीनची अकराला. तीन संध्याकाळी मी धरलेली ती केबल आरशात बघितली असती तर अगदी अचूक होती. "ज्यांची पत्रिका आहे त्यांचं बरं चाललंय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्यांदा सगळं नीट झालं. शेवटचा टाका पडला, काकांनी त्यावर फुंकर घातली, आणि मग आम्हा दोघांचंही लक्ष टेबलावर एकट्या पडलेल्या काळ्या स्लीव्हकडे गेलं. ती वायरीवर आधी ओवायची असते. भाजी उतरवल्यावर फोडणीची आठवण व्हावी, तसं झालं. टाके पुन्हा सोडवले. मी धरलं.

जोडण्या तपासायला मल्टिमीटर. काकांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, दाराची बेल ऐकू येत नाही, काकूंचं तर विचारूच नका. मीटरचा बारीक 'टीं' मात्र संडासातूनही ऐकू येतो. "सात नंबर ना?" आतून विचारतात. सातच असतो.

केबल लागली ती एका गुरुवारी. ड्राइव्ह दातओठ खाल्ल्यासारखा कुरकुरला, दिवा लुकलुकला, आणि काकांनी इंग्रजी लिपीत 'श्री' नावाची फाइल साठवली. पुसली. परत आणली. आली! काकांनी टाळीसाठी हात पुढे केला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझा हात मोकळा होता.

"आता यात काय काय ठेवणार?" मी विचारलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नसावा. थोड्या वेळानं त्यांनी केबल काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी चिकटवली: 'चालते.' फडताळात असे एकोणीस डबे आहेत. एकावर 'चालते, कशाला ते आठवत नाही' असंही लिहिलं आहे.

सध्या मुलानं एप्सनचा 'एचएक्स-२०' हेरून ठेवला आहे. त्याला ड्राइव्ह जोडायला गोल, पाच पिनांचा डिन कनेक्टर लागतो. यंत्र अजून आलेलं नाही, ड्राइव्ह तर मिळालेलाच नाही. पण केबल आधी तयार असलेली बरी, असं काकांचं म्हणणं. तर तुमच्या माळ्यावर जुना टेपरेकॉर्डर असेल आणि त्याच्याबरोबर तसल्या गोल टोकाची केबल असेल, तर भंगारात देऊ नका. आमच्याकडे आणून द्या. फक्त संध्याकाळी सहा ते सात या वेळात या, काकू तेव्हा देवळात असतात. आणि हातात दुसरंही काहीतरी असू द्या.