भारदस्त संवाद : लक्षणे, उगम आणि ग्वाल्हेर

भारदस्त संवाद म्हणजे समोरच्या पात्राला उद्देशून म्हटलेले, पण बाल्कनीला ऐकवलेले वाक्य. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. बोलणाऱ्याची पाठ ऐकणाऱ्याकडे असते, मागून वारा सुटलेला असतो आणि 'मिट्टी', 'लहू', 'इतिहास' या तिघांपैकी निदान दोघे तरी वाक्यात हजर असतात. अशा चित्रपटातल्या पात्राला तहान लागली तर ते पाणी मागत नाही. नदीला तिच्या कर्तव्याची आठवण करून देते.

या विद्येचे एक मूळ ग्वाल्हेरात सापडते. सोहराब मोदी (१८९७–१९८४) सोळाव्या वर्षी इथल्या टाउन हॉलमध्ये चित्रपट दाखवत असत. ते मूकपटांचे दिवस होते. माणसे ओठ हलवतात आणि आवाज येत नाही, हे रोज पाहणाऱ्या मुलाने पुढे सव्याज भरपाई केली, असे मानायला हरकत नाही. पारशी रंगभूमीवर कमावलेला त्यांचा खणखणीत आवाज 'पुकार' (१९३९) आणि 'सिकंदर'मध्ये (१९४१) शोभलाही, कारण दरबारात माणसे दरबारीच बोलणार. 'शीशमहल'च्या (१९५०) खेळाला एक प्रेक्षक डोळे मिटून बसलेला पाहून मोदींनी त्याचे पैसे परत करायला सांगितले. तेव्हा तो अंध असून केवळ त्यांचे संवाद ऐकायला आल्याचे कळले, अशी गोष्ट सांगतात. पुढच्यांनी मात्र हे प्रशस्तिपत्र नियम म्हणून घेतले आणि डोळसांनीही डोळे मिटावेत असे चित्रपट निघू लागले.

मोदींचाच 'झाँसी की रानी' (१९५३) हा भारतातला पहिला टेक्निकलर चित्रपट. 'गॉन विथ द विंड'चे छायालेखक अर्नेस्ट हॉलर त्यासाठी आणले होते. रंग झळझळीत, खर्च अफाट, आणि तिकीटबारीवर साफ आपटी.

लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरात धारातीर्थी पडल्या. त्यांची समाधी फूलबागेपाशी आहे. त्यामुळे राणीवरचा चित्रपट शेवटच्या रिळात ग्वाल्हेरला येतो, आणि वाक्ये सर्वांत लांब तिथेच होतात. राणी माहेरची तांबे, सासरची नेवाळकर. म्हणजे घरची बोली मराठी. पडद्यावर मात्र ती दासीशीसुद्धा राष्ट्राला उद्देशून बोलते. नमुन्यादाखल (कोणत्याही चित्रपटातले नव्हे, पण कोणत्याही चित्रपटात खपेल असे) : 'जिस मिट्टी में मैंने साँस ली है, उसका कर्ज़ आज इतिहास लहू से लिखेगा.' कर्ज कोणी लिहायचे आणि फेडायचे कोणी, हे पटकथा सांगत नाही.

राणी प्रत्यक्षात कशी बोलत असे, याची एक साक्ष उपलब्ध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे यांना ती काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भेटली. 'माझा प्रवास' या आपल्या प्रवासवर्णनात ते सांगतात, की ती तहानलेली होती. भटजी पाणी काढू लागले तर विद्वान ब्राह्मणाला तिने काढू दिले नाही. स्वतः मडके भरले, ओंजळीने प्याली, आणि आपली गरज ती काय, अर्धा शेर तांदळाची, अशा अर्थाचे काही बोलली. हा प्रसंग कोणत्याही निर्मात्याने परत पाठवला असता. विहीर, मडके, तांदूळ, वारासुद्धा नाही.

ग्वाल्हेरचे दुसरे चित्रपटीय पीक म्हणजे चंबळचे डाकू, स्थानिक भाषेत बागी. 'शोले'तला (१९७५) गब्बर हे नाव इकडच्याच एका खऱ्या डाकूचे, आणि सलीम खान यांच्याबरोबर त्या चित्रपटाचे संवाद लिहिणारे जावेद अख्तर ग्वाल्हेरातच १९४५ साली जन्मले. त्या संवादांच्या तबकड्या खपल्या. नक्कल करणाऱ्यांनी त्यातला दम उचलला, मजकूर राहून गेला. गब्बर आयुष्याचा अर्थ विचारत नाही. माणसे किती होती आणि होळी कधी आहे, एवढेच विचारतो. कारकुनी प्रश्न आहेत, म्हणून भीती वाटते. 'पानसिंग तोमर'ने (२०१२) चंबळची बोलीच वापरली. तिथे बागी तक्रार केल्यासारखा बोलतो, आणि ते पुरते.

राहता राहिला प्रेक्षक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतला माणूस ऐतिहासिक चित्रपट सहसा सहकुटुंब पाहतो. पहिली वीस मिनिटे तो गप्प असतो, मग पगडी चुकल्याचे शेजारच्याला सांगतो, आणि मध्यंतरानंतर संवाद पात्राच्या आधी पूर्ण करू लागतो. शेवटच्या रिळात नाल्यापाशी राणीचा घोडा अडला की भाषण सुरू होणार, हे त्याला पाठ असते. त्या सुमारास तो चपला शोधतो. राणीवरचाच 'मणिकर्णिका' २५ जानेवारी २०१९ रोजी लागला, म्हणजे ऐन गजकेच्या हंगामात. तिळाची ताजी गजक चावताना दोन-चार वाक्ये हमखास ऐकू येत नाहीत. पण चित्रगृहात बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत.