बंदोबस्तकाका

बंदोबस्तकाका हा निवृत्त गृहस्थांचा एक प्रकार असून त्याचा आढळ प्रामुख्याने पिंपरी-चिंचवडमधल्या निगडी प्राधिकरण, संभाजीनगर, शाहूनगर, भोसरीचं इंद्रायणीनगर आणि अलीकडे मोशी-चिखली या पट्ट्यात आहे. आकुर्डी, पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात मेन्टेनन्स, स्टोअर्स आणि सेफ्टी यांपैकी एखाद्या खात्यात उभी हयात गेली की माणूस या अवस्थेला पोचतो. प्रॉडक्शनवाले सहसा पोचत नाहीत. त्यांना निवृत्तीनंतर झोप लागते. प्रत्येक सोसायटीत एक बंदोबस्तकाका असतोच. दोन असले तर वार्षिक सभा रात्री अकराच्या आत संपत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. सदऱ्याच्या खिशात जिथे इतरांचं पेन असतं, तिथे यांचे केबल टाय असतात. "साहेबलोकांचा टाय गळ्यात, आपला खिशात," हा विनोद त्यांनी एकदा केलेला असतो आणि पुन्हा करायचा असतो.

वादळ हा काकांचा खास विषय. वास्तविक पिंपरी-चिंचवडने चक्रीवादळाचा धसका घ्यावा असं भूगोलात फारसं काही नाही. अलिबागचा किनारा सरळ रेषेत जवळजवळ १०० किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री आडवा आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. समुद्राला खवळून इथवर यायचं तर आधी खंडाळ्याचा घाट चढावा लागेल, आणि शनिवार-रविवारी त्या घाटात काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु काकांचं म्हणणं पाण्याबद्दल नसतं, वाऱ्याबद्दल असतं, आणि तिथे ते बरोबर असतात. चक्रीवादळ समुद्राच्या गरम पाण्यावर पोसलं जातं. जमिनीवर आलं की खालून मिळणारी वाफ तुटते आणि ते मरू लागतं. पण मरता मरताही ते बराच मुलूख तुडवतं.

३ जून २०२० रोजी नेमकं तेच झालं. 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचे वारे घेऊन ते रायगडातून पुणे जिल्ह्याच्या अंगावर आलं आणि ईशान्येकडे सरकत विरत गेलं. नाव बांगलादेशाने सुचवलेलं. १३ देशांनी मिळून केलेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतलं ते पहिलं. काकांच्या लेखी मात्र ही यादी म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांची वर्दी होती. एक आला, १६८ शिल्लक.

तयारी २ जूनच्या सकाळी सुरू झाली. हवामान खात्याचं मोठं कार्यालय पुण्यातच, शिवाजीनगरला आहे. १९२८ साली ते सिमल्याहून इथे आलं, म्हणून जुनी माणसं त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. काका त्या इमारतीत कधी गेलेले नसतात, पण तिच्याबद्दल बोलतात ते शेजारच्या डिपार्टमेंटबद्दल बोलावं तसं: "त्यांनी ऑरेंज अलर्ट दिलाय, पण मी रेड धरून चाललोय." मग व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये एकामागून एक सूचना पडतात. प्रत्येकीच्या शेवटी 'आदेशावरून' असं लिहिलेलं असतं. आदेश कुणाचा, हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर फोन येतो.

पाण्याचा भाग लवकर उरकतो. वादळाआधी पाणी भरून ठेवा ही सूचना जगभर दिली जाते, पण २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येणाऱ्या शहराला ती द्यायची गरज नसते. इथल्या घरात पिंप, बादल्या, कळशा, झाकणाचे डबे आणि प्रसंगी कुकरही कायम भरलेलाच असतो. काका फक्त प्रत्येक पिंपावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात. कारखान्यात जपानी पाहुणे आले होते तेव्हापासूनची ही सवय. चिठ्ठी भिजून निघू नये म्हणून वरून केबल टाय.

आता केबल टायबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे. ही नायलॉनची दातेरी पट्टी १९५८ साली अमेरिकेत विमानांतल्या वायरी एकत्र बांधण्यासाठी निघाली. मोटारींचे वायरिंग हार्नेस जिथे बनतात त्या चाकण-भोसरी पट्ट्यात ती पोत्याने लागते. पांढरी घरात वापरायची, काळी उन्हात, कारण काळीतल्या काजळीमुळे ती उन्हाने लवकर तडकत नाही. टोक डोक्यातल्या भोकातून ओवायचं आणि ओढायचं. कर्रर्र असा आवाज होतो, आतली जीभ एकेका दातावर चढत जाते आणि मग परतीचा रस्ता बंद. पट्टी आणखी आवळता येते, सैल करता येत नाही. काकांच्या स्वभावाचं आणि या पट्टीचं जे गोत्र जुळतं ते इथेच. ओढून झाल्यावर उरलेलं शेपूट ते नखकात्रीने अगदी मुळाशी कापतात, बोटाने धार लागते का ते पाहतात आणि मान हलवतात. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते नातवाच्या बारशालाही नव्हतं, असं काकू सांगतात.

निसर्गच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काकांनी गच्चीवरची डिश, तिच्या शेजारची दुसरी बंद पडलेली डिश, जिन्यातला चपलांचा रॅक, रॅकमधल्या चपला, बाल्कनीतल्या कुंड्या आणि कुंड्यांमधला लोखंडी बगळा हे सगळं जिथल्या तिथे जखडलं. समोरच्या आयटीवाल्या जोडप्याचा कपडे वाळत घालायचा स्टँड ग्रिलला बांधला तेव्हा त्यावर ओला टॉवेल होता. स्टँड वाचला आणि टॉवेल शनिवारपर्यंत तिथेच राहिला. पार्किंगमधली एक ॲक्टिव्हा खांबाला बांधली गेली. तिच्या मालकाने सकाळी दूध आणायला म्हणून किक मारली, गाडी सुरू झाली, फक्त निघेना. वॉचमनची खुर्ची गेटला बांधली तेव्हा वॉचमन तीत बसलेला होता की नाही, याबद्दल सोसायटीत दोन मतं आहेत. तुळशीपाशी मात्र काकू आडव्या आल्या. "तिला आवळायचं नाही. तिचं ती बघेल."

काकूंची तयारी वेगळी असते आणि तिची सूचना ग्रुपवर पडत नाही. कणीक मळून दशम्या केल्या जातात, कारण त्या दोन-तीन दिवस टिकतात. बटाटे उकडून ठेवले जातात. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं आहे ना हे हलवून पाहिलं जातं, देवापुढच्या समईत तेल आणि काडेपेटी पिशवीत बांधून हाताशी. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्याच सूचनांच्या यादीत नसतात. त्या काकूंच्या डब्यात असतात. वादळ ओसरल्यावर ज्या वस्तूंचा खरोखर उपयोग होतो त्यांतल्या बहुतेक काकूंच्या फळीवरच्या असतात, हे सर्वांना माहीत असतं आणि काकांनाही.

काकांचा मुलगा बहुधा परदेशात असतो, आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टनला असला तर वादळाच्या काळात परिस्थिती चिघळते. कारण २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथे हार्वे हरिकेनने शहर बुडवलेलं असतं आणि मुलाकडे स्वतःचं ज्ञान असतं. व्हिडिओ कॉलवर तो खिडक्यांना प्लायवूड ठोकायला आणि बाथटब पाण्याने भरून ठेवायला सांगतो. काका म्हणतात, आपल्याकडे टब नाही, टाकी आहे. मुलगा म्हणतो, बाबा, ताशी ११९ किलोमीटरच्या वर गेल्याशिवाय आम्ही त्याला हरिकेन म्हणतच नाही. काका म्हणतात, आमचं ११० ते १२० आहे, म्हणजे उंबरठ्यावर उभं आहे, आणि पाहुणा उंबरठ्यावर आला की पाट मांडावाच लागतो. संभाषणाच्या शेवटी दोघेही एकमेकांना घराबाहेर पडू नको असं बजावतात. बाकी बोलण्यासारखं बरंच असतं, ते राहून जातं.

प्रत्यक्ष वादळ घरात बसून पाहण्याचा भाग त्या मानाने लहान आहे. वीज जाते. गुलमोहर आणि सुबाभूळ मोडतात. दोघांचंही लाकूड ठिसूळ, आणि शहरात ते लावलेत मात्र भरपूर. कुठलातरी पत्रा रस्त्यावरून खणखणत जातो. काका खिडकीपासून लांब, भिंतीच्या कडेला स्टूल टाकून वहीत नोंदी करतात: 'वारा पश्चिमेकडून. वाढतोय.' अर्ध्या तासाने: 'वाढतोय.' त्या दिवशीच्या वहीत 'वाढतोय' हा शब्द ओळीने पानभर आहे आणि खाली 'चहा'.

वादळ सरल्यावर बंदोबस्त उलटा फिरवायचा असतो, आणि काकांचा प्रकार बदनाम आहे तो इथे. बांधायला उत्साह असतो, कापायला कुणी नसतं. चपला सोडवायला लोक सुऱ्या घेऊन जिन्यात बसले. लोखंडी बगळा गणपतीपर्यंत बांधलेलाच होता. दिवाळीत त्याच्यावर माळ सोडली गेली. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं तेव्हा काकांनी सगळं नव्याने जखडलं, पण ते समुद्रातूनच वर सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. दोन दिवस काका कुणाशी नीट बोलले नाहीत.

तरीही नोंद करायला हवी. निसर्गच्या रात्री वीज नसताना तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं इन्सुलिन फ्रिजमध्ये गरम होत होतं. ते काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाटीत ठेवलं, वाटी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या माठात, आणि रात्रभर उठून उठून फडकं ओलं करत राहिले. हे काम कोणत्याही आदेशात नव्हतं. पिशवीचं तोंड कशाने बांधलं होतं ते सांगायची गरज नाही. सकाळी आजींना ते दाताने तोडावं लागलं.

दुसरी नोंद कुदळवाडी, म्हाळुंगे, खराबवाडी या भागाची आहे. तिथे कामगारांच्या खोल्यांवर सिमेंटचं छत नसतं, पत्रा असतो. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायची पद्धत आहे. जोराच्या वाऱ्यात पत्रा आणि दगड दोन्ही खाली येतात आणि खाली माणूस झोपलेला असतो. निसर्गमध्ये पुणे जिल्ह्यात दोघांचा जीव गेला, त्यांतला एक मृत्यू चाकण ज्या तालुक्यात येतं त्या खेडमधला, घराची भिंत कोसळून. ज्या काकांनी सोसायटीत बगळे बांधले, तेच काका आदल्या दिवशी ओळखीच्या कंत्राटदाराच्या खोल्यांवर चढून दगड उतरवत होते. पत्र्याला केबल टाय चालत नाही, हे त्यांना कुणीही न सांगता ठाऊक होतं. तिथे जे-हुक लागतात, वॉशरसकट, आणि ते कैचीपर्यंत पोचावे लागतात. निम्मे कामगार कोरोनाच्या टाळेबंदीत गावी गेलेले होते. उरलेल्यांनी म्हाताऱ्याला शिडी धरून दिली आणि तो खाली उतरला की पुन्हा वर दगड ठेवले.

काकांच्या कार्याचा शेवटचा भाग होर्डिंगचा. चक्रीवादळ या भागात क्वचित येतं, पण वळवाचा पाऊस दरवर्षी येतो आणि त्याच्या पुढे धावणारा वारा नाव न घेता पाडापाडी करतो. १७ एप्रिल २०२३ रोजी रावेत-किवळे भागात महामार्गाच्या सेवा रस्त्यालगतचं होर्डिंग अशाच वाऱ्यात कोसळलं. पावसापासून आडोसा म्हणून त्याच्याखाली उभी असलेली पाच माणसं गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पडलं आणि सतरा गेली. त्या वाऱ्याला कुठल्या यादीतलं नाव नव्हतं, कुणी ऑरेंज धरून चाललं नव्हतं. होर्डिंग म्हणजे वाऱ्यात उभं केलेलं शीड. पायाचे बोल्ट, वेल्डिंगचे सांधे आणि गंज एवढ्यावर त्याचं सगळं अवलंबून असतं, आणि तिन्ही गोष्टी मेन्टेनन्सच्या माणसाला रस्त्यावरून चालता चालता दिसतात. बाकीच्यांना वरचा हसरा उमेदवार किंवा टू बीएचके दिसतो.

म्हणून काका सकाळच्या फेरीत होर्डिंगच्या बुडाशी थांबतात. नट मोजतात. एका खांबाला आठ बोल्टच्या जागी सहाच दिसले, की त्याचा फोटो काढून अर्ज करतात, सोबत आकृती, आकृतीवर बाण. अर्ज घेऊन ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जातात. खिडकीपलीकडचा कारकून तरुण असतो, वाईटही नसतो. तो अर्ज उलटसुलट पाहतो, कोपऱ्यात टाचणीऐवजी लावलेला केबल टाय पाहतो आणि विचारतो, "काका, हे होर्डिंग तुमच्या सोसायटीच्या हद्दीत येतं का?"

"पडलं तर येतं," काका सांगतात आणि आवक क्रमांक मागतात.