रेवडीची कुस्ती

पंचाच्या निकालावरून आमच्या नेवाशात पहिला राडा झाला तो समुद्रमंथनाच्या वेळी. मोहिनीराजाच्या देवळात कोणालाही विचारा. देवांची पंगत एका बाजूला, दैत्यांची दुसऱ्या बाजूला, वाढायला साक्षात मोहिनी. राहू हळूच देवांच्या पंगतीत जाऊन बसला, सूर्य-चंद्राने चहाडी केली, सुदर्शन फिरलं आणि स्पर्धक बाद. ना अपील, ना व्हिडिओ. शिर पडलं ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे एका बाद खेळाडूवर दोन जिल्ह्यांची सोय झाली.

गंमत पुढेच आहे. राहू पंचाला एका शब्दाने बोलला नाही. सुदर्शनवाल्याच्या नादी कोण लागतो? तो आजतागायत गिळतोय ते सूर्याला आणि चंद्राला. राग आला एकाचा, निघतो दुसऱ्यावर. मानसशास्त्राच्या पुस्तकात यावर अख्खं प्रकरण असतं, आमच्याकडे ते ग्रहणाच्या नावाखाली पंचांगात छापून येतं.

हे आठवलं ते २ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी. गादीवरच्या निर्णायक लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूने चितपटीचा निकाल दिला. शिवराज राक्षेचं म्हणणं, माझी पाठ टेकलीच नाही. मग पंचाची कॉलर, मग लाथ. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांवर संतापून, शेवटचे काही सेकंद उरले असताना गादी सोडून निघून गेला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाड या दोघांना तीन-तीन वर्षांची बंदी. पाठ टेकली होती की नव्हती, त्यात मी पडत नाही. त्या रात्री नेवासा फाट्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एकेक पंच बसलेला होता आणि प्रत्येकाने मोबाईलवर तो खांदा बोटांनी मोठा करून पाहिला होता. माझी भर कशाला?

मला वेगळीच गोष्ट खटकली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती याच दोघांत. राक्षेने गायकवाडला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. विजेत्याला थार आणि पाच लाख, उपविजेत्याला ट्रॅक्टर आणि अडीच लाख. दोन वर्षांनी तेच दोघे बंदीच्या यादीत शेजारी-शेजारी. हे काही हौशी, नवशिके, डोकं गरम असलेले पोरगे नव्हेत. राज्यातले सगळ्यात मोठे पैलवान. मग लाथ पहिल्या फेरीतल्या, कोणाला नावही ठाऊक नसलेल्या पोराची का निघाली नाही?

याचं उत्तर रांगेत आहे. १९७४ मध्ये मेरी हॅरिस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक खोडसाळ प्रयोग केला. रांगेत उभ्या असलेल्या लोकांच्या पुढे मुद्दाम माणूस घुसवायचा, कधी दुसऱ्या नंबरच्या पुढे, कधी बाराव्याच्या. बारावा कुरकुरला, दुसरा भडकला. खिडकी जितकी जवळ, तितका संताप जास्त. बाईंनी एवढी यातायात करायला नको होती. दिवाळीच्या सुट्टीत कोणत्याही एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. त्याआधी १९३९ मध्ये येल विद्यापीठातल्या पाच जणांनी (पंचच म्हणा) सांगून ठेवलं होतं की हातातोंडाशी आलेलं हुकलं की माणूस हात उगारतो. नंतर त्यांनाच ते जरा पातळ करावं लागलं, कारण प्रत्येक जण उगारत नाही. काही जण घरी येऊन बायकोवर ओरडतात.

लाथेचा जागतिक विक्रम मात्र आपल्याकडे नाही. तो क्यूबाच्या आंखेल मातोसकडे. सिडनीचा ऑलिंपिक विजेता. २००८ च्या बीजिंगमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत दुखापतीसाठी मिळालेली वेळ उलटली म्हणून बाद झाला आणि त्याने पंचाच्या तोंडावर लाथ घातली. जन्माची बंदी. पण त्याचा खेळ तायक्वांदो, तिथे लाथ निदान अभ्यासक्रमात तरी आहे.

आता आमच्याकडच्या हगाम्यात चला. यात्रेच्या कुस्त्यांना नगर जिल्ह्यात हगामा म्हणतात. मोठ्या जोडी संध्याकाळी. दुपारी उन्हातच रेवडीच्या कुस्त्या सुरू होतात. पोरगं एवढंसं, लंगोट काकाचा, तो दोनदा गुंडाळूनही मागे शेपटीसारखा लोंबतोय. जिंकलं काय, हरलं काय, मूठभर रेवड्या नाहीतर दहाची नोट. कमिटीवाला हलगीच्या तालावर ओरडतो, "कोण येतं रं?" आणि मग जे चालतं ते बघण्यासारखं असतं.

एक पोरगं रिंगणभर फिरून आपल्याहून वीतभर बुटक्या पोराचा हात धरतं आणि म्हणतं, "याच्याशी लावा." दुसरं छाती पुढे काढून मिसरूड फुटलेल्या दांडग्याकडे बोट करतं, "मला त्यो पायजे." लोक टाळ्या पिटतात, वा रे वाघ! वाघ कसला? हिशेब पक्का आहे त्याचा. त्या दांडग्याकडून पडण्यात कसली लाज? आणि तिसरं असतं, बहुतेक वेळा गप्प. ते एकेकाच्या खांद्याला खांदा लावून पाहतं. बरोबरीचा सापडला की तिथेच माती उचलून त्याच्या हातावर घालतं.

अमेरिकेत जॉन अॅटकिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली हेच मांडलं. ज्याला जिंकायची खरी ओढ, तो अर्धी-अर्धी शक्यता असलेली जोखीम उचलतो. ज्याला हरायची धास्ती, तो एक तर अगदी सोपं धरतो, नाहीतर अगदी अशक्य. ताडून पाहायला त्यांनी विद्यार्थ्यांना खुंटीवर कड्या फेकायला लावल्या आणि कोण किती लांब उभा राहतो ते मोजलं. त्यांच्याच परंपरेतले मॅक्लेलंड १९६४ मध्ये थेट भारतात आले आणि काकिनाड्याच्या छोट्या धंदेवाल्यांना कर्तृत्वाची ओढ कशी लावायची त्याचे वर्ग घेऊन गेले. नेवाशाला उतरले असते तर कड्यांचा खर्च वाचला असता. रेवड्या स्वस्त.

मोठेपणी ती पोरं कुठे जातात, हेही आम्हाला ठाऊक आहे. पहिलं पोरगं सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध निवडून येतं. दुसरं विधानसभेला अपक्ष उभं राहून डिपॉझिट घालवतं आणि मरेपर्यंत माजी उमेदवार म्हणून लग्नपत्रिकेत छापून घेतं. तिसऱ्याचं काय होतं, ते नीट कळत नाही. बहुधा तो कांदा लावतो.

धाडसाची आमच्या तालुक्यात वाण नाही हो. शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारं नसतात, २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली. घोडेगावच्या कांदा मार्केटला रात्री गाडी भरून निघालेला माणूस सकाळी लिलावात काय भाव निघेल हे ब्रह्मदेवालाही विचारत नाही. पैशाची जोखीम घेतो, जिवाची घेतो. लोकांनी हसायची जोखीम मात्र नको.

म्हणून संध्याकाळच्या मोठ्या कुस्त्या बघा. दोन पैलवान मानेला मान लावून वीस मिनिटं खडाखडी करतात. पट काढायला जावं तर वरून दाबला जाईन, कलाजंग मारावी तर घसरून स्वतःच खाली जाईन. लोक ओरडतात, "कुस्ती करा, कुस्ती!" शेवटी कमिटी बरोबरीत सोडवते, दोघांचेही फेटे शाबूत राहतात आणि मागून कोणीतरी हळूच म्हणतं, "नुरा होती, ठरवून केलेली."

आणि पैलवानांनाच का बोलायचं? त्यांच्या संघटनांनी तर जोडच टाळली. आपसात एकदाची कुस्ती होऊन निकाल लागण्याऐवजी ज्याने-त्याने आपापली गदा घडवली. २०२३ या एका सालात तीन महाराष्ट्र केसरी झाल्या. कोथरूडला राक्षे, नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख आणि त्याच नोव्हेंबरात धाराशिवला पुन्हा राक्षे. २०२५ मध्ये फेब्रुवारीत वाडिया पार्कात मोहोळ, मार्चअखेर आमच्याच जिल्ह्यात कर्जतला वेताळ शेळके. दोन महिने, एक जिल्हा, दोन केसरी. राहूचे तुकडे तरी दोनच झाले होते.

एवढं लिहून झाल्यावर माझा सिद्धान्त तयार झाला होता. कुस्तीवर थार टांगली, इज्जत टांगली, की दमदार डाव सुचत नाही आणि लाथ सुचते. छान होता. पण खाशाबा जाधव आडवे आले.

गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. यापेक्षा मोठं काय टांगायचं कुस्तीवर? तिथे एक दमवणारी लढत संपताच त्यांना लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण भांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. खाशाबा उभे राहिले, हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. ना कॉलर, ना लाथ.

घर गहाण, नियम धाब्यावर, विश्रांती नाही. येलच्या पाचही पंचांच्या हिशेबाने हेलसिंकीत दंगल व्हायला हवी होती. मग? मला सुचलेलं उत्तर असं की खर्डेकर सर कोल्हापुरात होते. ते गादीच्या कडेला बाह्या सरसावून "अरे, टेकला कुठं? बघतो काय?" असं ओरडत नव्हते. वाडिया पार्काचं मला माहीत नाही, मी टीव्हीवर पाहिलं. पण आमच्या हगाम्यात रेवडीच्या कुस्तीतही कडेला हमखास एक बाप असतो. पोरगं पडलेलं असतं, उठून लंगोटाची माती झटकत रेवड्यांसाठी ओंजळ पुढे करत असतं आणि बाप पंचाच्या छातीला छाती लावून म्हणत असतो, "खांदा दाखव, कुठला खांदा टेकला, दाखव!" पोरगं आधी बापाकडे बघतं, मग हातातल्या रेवड्यांकडे आणि मग त्याला रडू येतं. तोवर आलेलं नसतं.

२०२५ साली आमच्या पंचक्रोशीतल्या एका हगाम्याला पंच मिळेना. नुकताच वाडिया पार्कचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. शेवटी एका निवृत्त गुरुजींचं नाव (अर्थातच बिनविरोध) ठरलं. गुरुजी म्हणाले, मोठ्या कुस्त्या तुमच्या तुम्ही बघा, मी रेवडीच्या तेवढ्या लावतो, पण पोरांचे बाप मैदानाबाहेर बसवा. बाप नेमके कुठे बसवायचे, यावर कमिटीची आणखी एक बैठक लागली. तिच्यात दोन गट पडले आणि दोन्ही गटांनी आपापला हगामा जाहीर केला.