शिडाचं माप

शीड कधी मेलं, हे नेमकं सांगता येत नाही. दोर तुटला तर आवाज होतो. इंजिन बंद पडलं तर सगळे एकदम गप्प होऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शीड असला काही तमाशा करत नाही. ते दर मोसमात जरासं ढिलं पडतं, आपण जरासे हळू जातो आणि मागून आलेली बोट पुढे निघून गेली की ‘त्यांची मोठी आहे’ असं म्हणून चहाचं आधण ठेवतो. मग एका रविवारी आपल्याहून लहान बोट पुढे निघून जाते. तिच्यावरची दोन पोरं हातही हलवतात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्बल नदीत आमची बत्तीस फुटी म्हातारी बोट बांधलेली असते. आमची म्हणजे अर्धी. उरलेली अर्धी एका निवृत्त भूगोल-शिक्षकाची. शनिवारी सकाळी निघायचं, सोलंटच्या खाडीतून आइल ऑफ वाइटच्या यार्मथला जाऊन जेवायचं आणि रविवारी परत यायचं, एवढाच आमचा पराक्रम. त्यातही इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे जाताना नेमका तोंडावर. त्यामुळे बराच प्रवास इंजिनावरच होतो, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

नव्या मेनसेलचा, म्हणजे मुख्य शिडाचा, विषय काढला की भूगोल-शिक्षक पोर्ट्समथचं उदाहरण देतात. तिथे नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचं एक शीड जपून ठेवलंय. 1805 च्या ट्रफाल्गारच्या लढाईत त्याची चाळण झाली. नव्वदच्या आसपास भोकं आहेत म्हणे. ‘आपल्या शिडाला एकही नाही,’ असं म्हणून ते चष्मा पुसतात.

भोक हा मुद्दाच नव्हता. मुद्दा पोटाचा होता. वाऱ्यात भरलेल्या शिडाला पोट असावंच लागतं, पण ते डोलकाठीच्या बाजूला, पुढे असावं लागतं. कापड जुनं झालं की पोट सुटतं आणि मागे सरकतं. मग वारा बोटीला पुढे ढकलायच्या ऐवजी आडवी पाडायला बघतो, सुकाणू हातातून ओढ घेतं, आणि आपण म्हणतो, ‘आज वारा फार आहे बुवा.’ वारा तेवढाच असतो.

शिडाचं हे कापड आपल्या ओळखीचं आहे. 1941 साली मँचेस्टरच्या एका छपाई कंपनीत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. इंग्लंडात तो टेरिलीन म्हणून विकला गेला आणि अमेरिकेत डॅक्रॉन म्हणून. आपल्याकडे ज्याच्या शर्टाने वडिलांच्या पिढीला रोजच्या इस्त्रीतून सोडवलं, तोच हा. त्याने शिडाच्या जगातून सुताला हाकललं. तो कुजत नाही, भिजून जड होत नाही. त्याचे शत्रू दोनच, ऊन आणि फडफड. उन्हाने धागा ठिसूळ होतो. फडफडीने कापडात भरलेली राळ भुगा होऊन निघून जाते आणि विणीतला करकरीतपणा संपतो. बहुतेकदा कापडाआधी शिवण जाते. नखाने टाका उचकटून बघा. तुटला तर समजायचं.

शीड शिवणाऱ्याच्या कारखान्यात गेलो तेव्हा मला आधी माणसंच दिसेनात. नाट्यगृहासारखी प्रशस्त, गुळगुळीत लाकडी जमीन, तिच्यावर पसरलेलं पांढरं कापड आणि जमिनीच्या पातळीवर दोन डोकी. शिलाई मशीन जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेली असतात, कारागीरही त्याच खड्ड्यात बसतो, म्हणजे एवढं मोठं कापड उचलावं न लागता जमिनीवरूनच सुईखाली सरकतं. एक बाई दोन पट्टे जोडत होत्या. दोन्ही पट्ट्यांच्या कडा सरळ नव्हत्या, टोकाला किंचित गोलाई दिलेली होती. त्या गोलाईतूनच सपाट कापडाला पोट येतं; ब्लाउजचे टक्स, दुसरं काही नाही. पट्टे आडवे का, असं विचारलं. सगळा ताण मागच्या कडेने वरून खाली येतो, आणि पट्टा आडवा लावला की कापडाचे जाड, आडवे धागे नेमके त्या कडेच्या रेषेत पडतात. उरेब ताणलं की कुठलंही कापड पसरतं, हे माझ्या आईला माहीत होतं. मला इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही तिथे उमगलं.

कारखान्याच्या मालकांनी कापडाचे नमुने दाखवले. फिल्मवर धागे चिकटवलेलं लॅमिनेट नवं असताना देखणं आणि आकाराला पक्कं, पण पापुद्रे सुटतात आणि बुरशी धरतं. ते शर्यतवाल्यांना लखलाभ. दुसरं हायड्रानेट, म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीत डायनीमाचे चिवट धागे. त्यावरून हात फिरवला आणि मन तिथेच राहिलं. किंमत ऐकली आणि मन परत आलं.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. बोट कुठे नेता, किती माणसं असतात, शर्यत खेळता का, रात्री चालवता का. माप ते स्वतः येऊन घेणार होते. एवढ्या जुन्या बोटीत बोट बांधणाऱ्या कारखान्याच्या कागदावरच्या मापांवर कोणी विसंबत नाही, मधल्या काळात कोणी डोलकाठी बदलली, कोणी बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, कोण जाणे. बोटीचं माप असं टेपने निघतं. हा कागद बोटमालकाचं माप काढायला होता.

‘लांब सागरी प्रवासाचा बेत?’ या रकान्यात मी बरोबरची खूण केली. मराठी माणसाचा काय नाइलाज असतो बघा. दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि 2010 च्या मेमध्ये पृथ्वीला वळसा घालून मुंबईतच परतले. बोटसुद्धा गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली. हे एकदा माहीत झालं की बिस्केचा उपसागर अगदी शेजारचा वाटायला लागतो. बायकोने कागद बघितला. ‘यार्मथ लिही,’ ती म्हणाली. ‘आणि इंजिन किती चालतं तेही लिही.’

खूण खोडली आणि निवड भराभर सोपी झाली. साधं, पण चांगल्या विणीचं डॅक्रॉन. बॅटन, म्हणजे शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, वरच्या दोन पूर्ण रुंदीच्या आणि खालच्या आखूड. सगळ्या पूर्ण घेतल्या तर शीड फडफडत नाही, उतरवताना शहाण्यासारखी घडी होते. पण त्या डोलकाठीवर रेटा देतात, त्यासाठी सरकत्या गाड्या बसवाव्या लागतात, आणि गाड्यांचा खर्च शिडाशी स्पर्धा करायला लागतो.

वाद झाला तो तिसऱ्या रीफवर. वारा चढला की शीड खाली ओढून लहान करायच्या या पायऱ्या. दोन असतातच. तिसरी मोठ्या वादळासाठी. ती घेतली की मागच्या कडेला जास्तीचे थर, जास्तीचं वजन, जास्तीचा दोर. भूगोल-शिक्षकांना ती हवी होती. त्यांनी सोलंटच्या हर्स्टजवळच्या चिंचोळ्या तोंडाशी वारा आणि ओहोटी समोरासमोर आल्यावर पाणी कसं उभं राहतं त्याचं वर्णन केलं, हातवाऱ्यांसकट. ‘पण तशा दिवशी आपण निघतो कुठे?’ मी विचारलं. शेवटी दोनच ठेवल्या, दुसरी जरा खोल. मला विचाराल तर यार्मथच्या जेवणाला तेवढी वादळाची तयारी पुरे.

एवढं सगळं एका संध्याकाळी ठरलं. पैसे अर्धे-अर्धे, ऑर्डर शरद ऋतूत, कारण तेव्हा कामं कमी असतात आणि सवलत मिळते. राहिली खोळ. बूमवर घडी घातलेल्या शिडावर चढवायची ती. कापड कुठलंही घ्या, शीड किती वर्षं टिकणार ते या खोळीवर, कारण आठवड्याचे पाच दिवस उन्हात तीच उभी असते. मला गडद निळी हवी. बायकोच्या मते घाटावर नव्वद टक्के बोटींची निळीच आहे, आपली ओळखायची कशी? भूगोल-शिक्षकांना हिरवी हवी, बाटलीच्या रंगाची. नमुन्यांचे तुकडे आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेत. नवं शीड पिशवीत भरून बैठकीच्या खोलीत कधीचं येऊन पडलंय. पाहुणे त्याच्यावर बसतात.